गाण्यात उरलेलं एकच नाव

धुळ्यात देवपूरला एका लग्नात मी जेवायला बसले होते आणि स्पीकरमधून कुणीतरी माझं नाव घेतलं. नुसतं घेतलं नाही, गायलं. माझे यजमान नरडाण्याच्या एका कारखान्यात कामाला आहेत, त्यांच्या साहेबाच्या मुलीचं ते लग्न. कोरोनाची तिसरी लाट येणार, येणार म्हणत होते, म्हणून मोजकीच माणसं बोलावलेली आणि त्यातल्या निम्म्यांचे मास्क हनुवटीवर. बँड नव्हताच. कोपऱ्यात दोन मोठी खोकी आणि फोनवर बोट फिरवणारा एक माणूस, झालं. ढोलकीचा ठेका, त्यावर कीबोर्डची कर्कश पिपाणी, आणि मधूनच एका म्हातारीचा आवाज. तो माझं नाव घेई आणि थांबे. परत ठेका, परत माझं नाव. पोरी नाचत होत्या.

तो आवाज माझ्या मायचा होता.

यजमानांना कोपरानं ढोसलं. "ऐकलंत का? माय गातेय."

"म्हाताऱ्या बायकांचे आवाज सारखेच असतात," ते म्हणाले आणि कढीत भात कालवत राहिले. या माणसाच्या ताटाखाली आग लागली तरी तो आधी ताट संपवील.

मी तशीच खरकट्या हातानं उठून त्या फोनवाल्याकडे गेले. विचारलं, हे गाणं कुणाचं? तो म्हणाला, "खूप चालू आहे सध्या, मावशी. हळदीला तर हेच लागतं." मावशी म्हणे. त्याच्या डोक्यात माझ्यापेक्षा जास्त पांढरे होते.

मी मुळातच संशयी बाई. शिवणकाम करते म्हणूनही असेल. गिऱ्हाईक म्हणतं माप मागचंच घ्या, तरी मी टेप लावते, आणि बहुतेक वेळा पोट वाढलेलंच निघतं. त्यातून माझं काम बँडवाल्यांचं. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर बटणांची दुहेरी ओळ. धुळ्यातल्या कितीतरी बँडच्या अंगावर माझी शिलाई नाचलेली आहे. लॉकडाऊन लागलं आणि लग्नंच बंद पडली. तयार कोट न्यायला कुणी आलं नाही. ते माझ्या खोलीत खिळ्यांना लटकून राहिले आणि मी मास्क शिवायला लागले. मग वाजवणारी माणसं कुठं कुठं गेली. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी सुरतेला गेलं. आणि जी राहिली ती घरातल्या घरात स्टुडिओ थाटून बसली, असं कानावर येत होतं. गाणारा एका गावात, ढोलकी दुसऱ्या गावात, सगळं फोनवरून मागवायचं आणि जोडून टाकायचं. एकमेकांचं तोंड पाहायची गरज नाही. हे ऐकलं तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, यात पाणी कुठंतरी मुरणार.

आता हे गाणं काय ते सांगते, म्हणजे माझा जीव का जळला ते कळेल. माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, तापीकाठचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. दिवाळी एक वेळ चुकेल, आखाजी चुकत नाही. दारातल्या निंबाला झोका बांधतात आणि बाया झोक्याची गाणी म्हणतात. आमच्या गल्लीत एक गाणं आहे, त्यात घरच्या लेकींची नावं घेतात. झोक्यावर कोण बसलं, असं विचारायचं आणि थोरलीपासून सुरू करून एकेकीचं नाव घ्यायचं. धाकटीचं नाव आलं की गाणं संपलं. आमच्या घरी धाकटी मी. सुनांची नावं त्यात नसतात, त्यांची त्यांच्या माहेरी घेतली जातात. आणि नाव गाळतात ते फक्त एकाच लेकीचं, जी देवाघरी गेली तिचं. शेजारच्या नानांची मधली लेक बाळंतपणात गेली, त्या वर्षी त्यांच्या दारात ते गाणं तिच्या नावाशी आल्यावर बाया नुसत्या थांबल्या होत्या आणि मग पुढच्या नावावर गेल्या. मी तेव्हा लहान होते, पण ते थांबणं मला अजून आठवतं.

लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षी आम्हा तिघींपैकी एकीलाही जाता आलं नाही. थोरली बहीण, आमची अक्का, जळगावात अडकलेली. मधली नाशकात, मी धुळ्यात. फोन केला तेव्हा मी मायला म्हटलं, फोनवर तरी म्हण. ती म्हणाली, "झोका नही, पोरी नही, मी कोनासाठे गाऊ?" तिनं त्या वर्षी गाणं म्हटलंच नाही, असं तिनं तिघींनाही सांगितलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. मग हे स्पीकरमधलं आलं कुठून? मायला फोन उचलता येतो आणि ठेवता येतो, त्यापुढे काही नाही. म्हणजे घरातल्याच कुणीतरी ती नकळत गुणगुणत असताना चोरून टिपलं. आणि घरात आहे कोण? भाऊ दिवसभर शेतात. उरली वहिनी.

वहिनी सेंधव्याकडची, राज्याच्या हद्दीपलीकडची. बोलायला गोड, कामाला वाघ, पण फोन हातातून सुटत नाही. भांडी घासताना कानात बोळे, कपडे धुताना कानात बोळे. तिची आई त्याच पहिल्या लॉकडाऊनमध्ये गेली, आखाजीच्या थोडं आधी. हद्द बंद, हिला जाता आलं नाही. आम्ही तिघींनी फोनवर बोलून घेतलं, काय करणार, दिवसच तसे होते.

लग्नाहून घरी आले आणि तिला फोन लावला. म्हटलं, "मायचं गाणं ऐकलं आज." ती म्हणाली, "कोणतं गाणं, ताई?"

अहो, चोराच्या मनात चांदणं. मायचं गाणं म्हटलं की सून विचारील, कुठं ऐकलं? हिनं विचारलं, कोणतं. मी पुढे काही बोलले नाही, ताकाला तूर लागू दिली नाही. मायला विचारलं तर ती म्हणाली, "म्हटलं व्हई एखाद येळे," आणि कापसाचं बोलायला लागली. मायनं विषय बदलला की समजायचं, ती कुणाला तरी पाठीशी घालतेय. त्या दिवसापासून मी वहिनीशी कामापुरतंच बोलायला लागले. तिचे निरोप येत, पापड केलेत, पाठवू का? मी लिही, नको. आमच्या इथे मिळतात.

आणि मग अक्काचा फोन आला.

अक्का शाळेत शिकवते, आवाज चढवत नाही. त्या दिवशी तो आणखीच खाली होता. म्हणाली, "आमच्या कॉलनीत हळद होती. गाणं वाजलं. मायचा आवाज आहे आणि नाव फक्त तुझं आहे."

मी म्हटलं, "हो ना गं, मीही..."

"मी मेले का?" ती म्हणाली. "नानांच्या लेकीसारखी मी मेले का? बँडवाले सगळे तुझ्या ओळखीचे. तूच करवून घेतलंस. मायला काय कळतंय, तू सांगितलंस तसं ती गायली असेल."

मला आधी हसूच आलं, मग असा संताप आला की सांगता सोय नाही. चोरी वहिनीनं करायची आणि हातकडी मला? मी खूप सांगितलं, शपथा घेतल्या. ती म्हणाली, "माझं नाव तिच्या तोंडून गळालं, एवढं मला कळतं. मी आखाजीला येणार नाही." मधलीनं तर फोनच उचलला नाही, म्हणजे ती अक्काच्या बाजूला गेली. दोन आखाज्या आधीच बुडालेल्या. पुढच्या आखाजीला रस्ते मोकळे असणार होते, आणि लेकी येणार नव्हत्या. मायला कुणी कळवलं कोण जाणे. तिचा फोन आला. म्हणाली, "बठ्ठ्या येतीन तवयच झोका बांधसु. नहीतर नही." म्हणजे सगळ्या आल्या तरच. तिचं वय झालेलं, दुसऱ्या लाटेत दवाखान्यातून परत आलेली. असे किती झोके तिच्या वाट्याला राहिलेत ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी ठरवलं, याचा छडा लावायचा. गाण्याच्या खाली स्टुडिओचा पत्ता होता, धुळ्यातलाच. गेले. दार उघडलं ते माझ्याच गिऱ्हाइकानं, एका जुन्या बँडच्या मास्तरांनी. क्लॅरनेट वाजवायचे. वरातीत लाल कोटात पुढे चालायचे तेव्हा नवरदेवापेक्षा यांच्याकडे जास्त माणसं बघत. आता बनियनवर होते. आतल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. एक कॉम्प्युटर, एक माईक, त्यावर चहाची गाळणी बांधलेली. क्लॅरनेट पेटीत बंद, पेटीवर ताटल्या.

"या ताई, या. कोट न्यायचा राहिला ना आमचा," ते म्हणाले.

"कोटाचं नंतर बघू. हा आवाज कुठून आणलात?"

त्यांनी सगळं सांगितलं, लपवलं काहीच नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. लॉकडाऊनमध्ये त्यांनी फोनवरून सगळ्यांना कळवलं होतं, आखाजीची जुनी गाणी टिपून पाठवा, त्यावर आम्ही नवीन संगीत चढवू. ढिगानं आली. कुणाची कोण म्हातारी, त्यांना माहीत नाही. हा आवाज तसाच आलेला, पुष्कळ दिवस पडून होता. मग एकदा हाताला लागला.

मी म्हटलं, "आवाज माझ्या मायचा आहे. विचारायचं तरी."

"ताई, हे तर गल्लीतलं गाणं. त्याला मालक कुठं असतो?"

"मग खाली तुमचं नाव कसं? मूळ गाणं, संगीत, सगळं तुमचं लिहिलंय."

"नाव नुसतं. गाणं चॅनेलवाल्याचं आहे. तो सुरतेला बसतो, मी त्याला पाहिलेलंही नाही. मला तरी कुठं माहीत, तो काय कमावतो ते." ते स्वतःही त्या माणसाकडे संशयानंच बघत होते. म्हणाले, मागच्या महिन्यात मी माझंच गाणं माझ्या पानावर टाकलं तर ते काढून टाकलं, म्हणे दुसऱ्याचं आहे. असं सांगताना त्यांना हसू येत होतं. पूर्वी वरात अडली, पैसे कमी आले, तर समोर भांडायला माणूस होता. आता कुणाशी भांडायचं ते कळत नाही, असं म्हणाले. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी अक्काच्या नावासाठी आले होते.

"माझ्या बहिणींची नावं का कापलीत?"

"गाण्याला एक जागा लागते ना, जिथं लोक परत परत येतात. तीनचार नावं आली तर पोरी नाचतील कशा? तुमचं नाव दोन अक्षरी, ठेक्यात नीट बसलं. बाकीची लांब होती."

"तीन," मी म्हटलं. "तीनच आहोत आम्ही."

"असतील," ते म्हणाले. "मी एक बरोबर बसलं तिथंच थांबलो."

मूळ आवाज आहे का विचारलं. जुन्या फोनमध्ये होता. त्यांनी माझ्या फोनवर पाठवला आणि पाठवणाऱ्याचा नंबरही दाखवला. वहिनीचा. मी नंबर बघितला आणि खोटं का बोलू, मला फार बरं वाटलं. मी म्हटलं होतं ना! एवढे महिने सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, यजमानांनी तर नाव ठेवलं होतं, सीआयडी. आता पुरावा हातात होता.

रिक्षात बसून तो आवाज कानाला लावला. ठेका नाही, पिपाणी नाही. मागे कोंबडी ओरडतेय, झोक्याचा दोर करकरतोय. म्हणजे झोका बांधला होता तर. "निंबले झोका, झोक्यावर कोन बठनं," माय विचारते आणि अक्काचं नाव घेते, सगळं, लांबलचक, अक्काला शाळेत सुद्धा कुणी म्हणत नाही तेवढं. मग मधलीचं. मग माझं. माझं आलं आणि मी बंद केलं. धाकटीचं नाव आलं की गाणं संपतं, पुढे काय ऐकायचं? डोळे भरून आले होते आणि रिक्षावाला आरशात बघत होता.

अक्काला फोन केला. म्हटलं, "तुझं नाव आहे. मायनं घेतलंय. चोर कोण तेही दाखवते. आखाजीला ये." फोनवर पाठवत नाही म्हटलं, सगळ्यांच्या समोरच ऐकवीन. मला वहिनीचं तोंड बघायचं होतं. अक्का मधलीलाही घेऊन आली.

आखाजीच्या दिवशी सकाळी आम्ही तिघी माहेरच्या ओट्यावर उतरलो. झोका बांधलेला नव्हता, दोर गुंडाळून निंबाखाली ठेवलेला. माय उंबऱ्यात उभी, कमरेत वाकलेली. तिनं आमच्या तोंडांवरून हात फिरवला आणि अक्काच्या तोंडावरून काढेचना. वहिनी मागच्या पडवीत चुलीपाशी होती. चुलीवर उपडं घातलेलं मोठं खापर तापलेलं, आणि ती पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झेलून झेलून रुंद करत होती. आमच्याकडचं हे काम येरागबाळ्याचं नाही. कोपरापर्यंत आलेला मांडा फाटू न देता खापरावर टाकायचा. "या ताई," म्हणाली, पण डोळे वर केले नाहीत.

मला दम कुठला! पाणी प्यायच्या आधीच मी फोन काढला. "वहिनी, हा नंबर कुणाचा?"

तिनं बघितलं. "माझा."

"मायचं गाणं तू विकलंस?"

"विकलं नाही, ताई. पाठवलं."

"एकच ते. पाठवलंस ना? त्यापायी माझी बहीण माझ्याशी बोलत नव्हती. तिला वाटलं, मायनं तिला मेलेल्यांत काढलं." आणखी बरंच बोलले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. भाऊ मधे पडायला लागला, त्यालाही गप्प केलं. वहिनीनं मांडा खापरावर टाकला. मी फोन मोठ्यानं लावून पाटावर ठेवला.

दोर करकरला. मायचा आवाज आला. अक्काचं नाव आलं आणि अक्का, जिनं वडील गेले तेव्हाही चारचौघांत डोळ्यांना पदर लावला नव्हता, ती मटकन खाली बसली आणि मायच्या पायांना धरून रडली. मधलीचं आलं. माझं आलं. मी फोन उचलायला हात पुढे केला.

माय म्हणाली, "थांब. ऱ्हाऊ दे."

गाणं थांबलं नव्हतं. फोनमधल्या मायनं श्वास घेतला, पुन्हा विचारलं, झोक्यावर कोण बसलं? आणि वहिनीचं नाव घेतलं. माहेरचं नाव. जे लग्नात आमच्या घरी येताना बदललं होतं आणि जे आम्ही तिघींनी इतक्या वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं.

चुलीत लाकूड तडतडत होतं. माय हळू म्हणाली, "तिनी माय गई व्हती. जाता बी उनं नही तिले. तिनं नाव आते माहेरले कोन लेई? म्हनीसन एकलीलेच झोक्यावर बसाडी आनि म्हटलं." मग आमच्याकडे बघून म्हणाली, "तुमले राग येई म्हनीसन सांगं नही."

मी विचारलं ते भलतंच. "मग तू ते स्टुडिओला का पाठवलंस गं?"

"माझं नाव होतं त्यात," वहिनी म्हणाली. "वाटलं, गाण्यात आलं तर तिकडे सेंधव्याला माझ्या गल्लीतही वाजेल."

तिनं पदरानं घाम पुसला.

"गाणं आलं तेव्हा मी रोज शेवटपर्यंत ऐकायची, ताई. सारखं तुमचंच नाव यायचं. मला वाटायचं, आता पुढे माझं येईल."

मांडा खापरावर तसाच होता. तिचं तिकडे लक्षच नव्हतं, आणि आम्ही चौघी तिच्याभोवती असून एकीनंही तो उलटला नाही. पडवीत जळका वास भरला तेव्हा अक्का उठली, निंबाखालचा दोर उचलून तिनं भावाच्या हातात दिला आणि वहिनीला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली.